ऑपरेशनच्या आधी गाठीभोवती भुलीचं इंजेक्शन, सासूबाईंसाठी डॉक्टरांना विचारू का?

मिरजकरीण

नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितेय, इकडचं तिकडं झालं तर सांभाळून घ्या.

माझ्या सासूबाई, वय 61, डाव्या ब्रेस्टला कॅन्सरची गाठ आहे. पुढच्या गुरुवारी ऑपरेशन ठरलंय, ब्रेस्ट पूर्ण काढणार आणि काखेतल्या गाठी पण काढणार असं सर्जन म्हणाले. आई तशा धीराच्या आहेत, ॲडमिट व्हायच्या आधी लोणच्याची बरणी भरून ठेवायची म्हणून काल कैऱ्या फोडत बसल्या होत्या, पण घरातल्या बाकीच्यांनी माझं डोकं खाल्लंय.

झालं असं की चुलत दिरांनी फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. टाटाच्या डॉक्टरांनी शोध लावलाय, ऑपरेशनच्या आधी गाठीभोवती 100 रुपयांचं इंजेक्शन दिलं की कॅन्सर परत येतच नाही, आणि मोठे हॉस्पिटलवाले हे मुद्दाम लपवून ठेवतात कारण त्यांचा धंदा बसेल वगैरे. आता हे खरं आहे का निव्वळ फेकाफेकी? खरं असेल तर सर्जनना तसं तोंडावर विचारायचं का, त्यांना राग नाही ना येणार, आम्हाला शिकवताय का म्हणून?

दुसरं म्हणजे हाताचं. आमच्या आत्तेसासूबाई म्हणतात तीन महिने तो हात पोटाशी धरून ठेवायचा, हलवलास तर टाके तुटतील आणि हात हत्तीपायासारखा सुजेल. माझी मैत्रीण म्हणते दुसऱ्या दिवसापासून व्यायाम. कुणाचं ऐकू? आणि बांगड्या, बीपी मोजणं, त्या हाताला सुई नको, असलं पण बरंच ऐकलंय.

गूगल करून करून आता भीतीच जास्त वाटायला लागलीय, म्हणून इथं विचारतेय.

हिरवा_गाउन

ताई, मी डॉक्टर नाही, ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटरमधला टेक्निशियन आहे, 14 वर्षं झाली. जेवढं डोळ्यांनी बघितलंय तेवढं सांगतो.

फॉरवर्डमधलं इंजेक्शन खरं आहे, बाकीची फोडणी खोटी. ते औषध म्हणजे लिग्नोकेन हो, दाताच्या डॉक्टरकडे हिरडीत टोचतात आणि मग ओठ जाड झाल्यासारखा वाटतो ना, तेच. आमच्याकडे सगळे झायलोकेन म्हणतात. नवीन शोध वगैरे काही नाही, प्रत्येक ट्रॉलीवर त्याची बाटली असते. नवीन काय ते ते कुठं आणि कधी द्यायचं, एवढंच.

पेशंटला पूर्ण भूल दिलेलीच असते, त्यामुळे हे दुखू नये म्हणून देत नाहीत. 0.5 टक्क्याचं पातळ केलेलं लिग्नोकेन, जास्तीत जास्त 60 मिली, गाठीच्या चारी बाजूंनी आणि खालून पण सोडायचं. थेट गाठीत सुई घालायची नाही, भोवतीनं. मग 7 ते 10 मिनिटं हात बांधून थांबायचं आणि नंतर चिरा द्यायचा. ऐकायला सोपं वाटतं पण ओटीत 7 मिनिटं नुसतं उभं राहणं म्हणजे काय ते आम्हालाच माहीत, सगळे घड्याळाकडे बघत असतात आणि पुढच्या केसचे नातेवाईक दारात. पण थांबतात.

लपवून कोण ठेवणार? पेपरात आलं होतं, टीव्हीवर आलं होतं. सर्जनना बिनधास्त विचारा, राग बिग येत नाही. "आम्ही असं असं वाचलं, आईंना लागू आहे का" एवढंच विचारा. फॉरवर्ड मात्र दाखवू नका, त्यानं मात्र येतो राग.

शंकासुर

हिरवा गाउन यांनी बरोबर सांगितलं. मी थोडे आकडे सांगतो, कारण "परत येतच नाही" हे वाक्य वाचून माझं बीपी वाढलं.

हा अभ्यास टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या टीमनं केला. भारतातली 11 हॉस्पिटलं, 2011 च्या शेवटापासून 2022 च्या सुरुवातीपर्यंत, एकूण 1600 बायका. कॉम्प्युटरनं चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले, अर्ध्यांना ऑपरेशनआधी हे इंजेक्शन, अर्ध्यांना नाही, बाकी केमो रेडिएशन वगैरे उपचार दोन्हीकडे नेहमीचेच. सप्टेंबर 2022 मध्ये पॅरिसच्या कॅन्सर परिषदेत मांडला आणि 2023 मध्ये जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी या कॅन्सरवरच्या मासिकात छापून आला. म्हणजे व्हॉट्सॲप युनिव्हर्सिटीचा नाही, नीट तपासून निघालेला आहे.

निकाल काय? पाच वर्षांनी आजार परत न येता ठीक असलेल्या बायका इंजेक्शनवाल्या गटात 86.6 टक्के, बिनइंजेक्शनवाल्यात 82.6. जिवंत असलेल्या 90.1 आणि 86.4. म्हणजे 100 बायकांमागे चारएक जणींचा फरक. आता हा फरक लहान आहे का? अजिबात नाही. चार टक्क्यांसाठी लाखालाखाची औषधं घेतात लोक, आणि इथं खर्च दोन आकडी. पण "येतच नाही" हे साफ खोटं, इंजेक्शन घेऊनसुद्धा 100 पैकी 13 जणींना पाच वर्षांत काही ना काही झालंच. आणि न घेता 82 जणी ठणठणीत होत्या. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला हे दोन्ही आकडे नको असतात.

कारण काय असावं याबद्दल त्यांचा तर्क असा की ऑपरेशन करताना गाठ दाबली जाते, हलवली जाते, तेव्हा आजूबाजूच्या पेशी चाळवतात आणि काही रक्तात निसटतात. लिग्नोकेन पेशींच्या भिंतीवरच्या सोडियमच्या वाटा बंद करतं, तर त्या चाळवाचाळवीला आळा बसत असेल. शरीरात दूर कुठं कॅन्सर परत येण्याचं प्रमाण 11.6 वरून 8.5 टक्क्यांवर आलं, हे त्या तर्काशी जुळतं. पण तर्क तो तर्क.

आता माझ्या आयडीला जागून दोन शंका. एक, ज्यांना इंजेक्शन नाही दिलं त्यांना खोटं इंजेक्शन, म्हणजे नुसतं सलाइनचं पाणी पण दिलं नव्हतं. त्यामुळे औषधानं फरक पडला का गाठीभोवती 60 मिली पाणी भरल्यानं, हे त्यातून वेगळं करता येत नाही, परदेशातल्या काही लोकांनी हाच मुद्दा काढला. दोन, भुलीच्या पद्धतीवर याआधी एक मोठा अभ्यास झाला होता, आठ देशांतली 13 हॉस्पिटलं, 2100 वर बायका, लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात 2019 ला आला. त्यात पाठीच्या मणक्याशेजारी ब्लॉक, म्हणजे नस बधिर करणारं इंजेक्शन, देऊन ऑपरेशन केलं तर कॅन्सर कमी परततो का हे बघितलं. दोन्ही गटांत साधारण 10 टक्केच परतला, काडीचा फरक नाही. अर्थात तिथं औषध गाठीपासून लांब, नसेपाशी दिलेलं, इथं गाठीला खेटून. दोन्ही एका मापानं मोजू नका, पण "भुलीचं औषध = कॅन्सर गायब" असं समीकरण मांडणाऱ्यांनी तो पण वाचावा.

रोखठोक

एवढं स्वस्त आणि एवढं चांगलं असेल तर सगळीकडे का देत नाहीत मग? काहीतरी गोम असणारच. कंपनीला पैसा नाही म्हणून कोण प्रचार करत नाही, सरळ हिशोब आहे.

शंकासुर

@रोखठोक अर्धा हिशोब बरोबर आहे. लिग्नोकेनची जाहिरात करायला औषध कंपनीचा कुठला एमआर बॅग घेऊन दारात येत नाही, हे खरंच. पण डॉक्टर एका अभ्यासावर लगेच सवय बदलत नाहीत हे पण कारण आहे, आणि ते वाईट नाही. आधी जे जे छातीठोकपणे केलं जायचं त्यातलं किती चुकीचं निघालं बघा. 70 च्या दशकापर्यंत छातीचा स्नायूसुद्धा काढून टाकायचे, जेवढं जास्त कापू तेवढं बरं म्हणून. मग इटलीत मिलानला वेरोनेसी यांनी 701 बायकांवर आणि अमेरिकेत फिशर यांनी तसेच अभ्यास केले, लहान गाठ असेल तर तेवढाच भाग काढून रेडिएशन दिलं तरी बायका तेवढ्याच जगतात हे दिसलं, 2002 मध्ये दोघांचेही 20 वर्षांचे निकाल आले. त्या बायकांनी चिठ्ठीवर विश्वास ठेवला म्हणून आज कितीतरी जणींचं ब्रेस्ट वाचतं. घाई केली असती तर काय कळलं असतं?

मिरजकरीण

बापरे केवढं लिहिलंत, खूप आभार. दोनदा वाचलं, नवऱ्याला पण वाचून दाखवलं. तो म्हणतो मग चार टक्के तर चार टक्के, गुरुवारी द्यायला सांगूया. आईंची केमो झाल्यावर गाठ बरीच लहान झालीय, आता हाताला लागत पण नाही नीट, तर इंजेक्शन गाठीभोवती म्हणजे नेमकं कुठं देतील?

हिरवा_गाउन

थांबा थांबा. केमो आधी झालीय? हे पहिल्या पोस्टमध्ये नव्हतं.

मिरजकरीण

हो ना, सहा झाल्या, दर 21 दिवसांनी. सुरुवातीला गाठ मोठ्या लिंबाएवढी होती, म्हणून आधी केमो मग ऑपरेशन असं ठरलं. मला वाटलं ऑपरेशनचं विचारतेय तर केमोचं कशाला सांगायचं. का हो, काय झालं?

शंकासुर

ताई, त्या अभ्यासात फक्त अशाच बायका घेतल्या होत्या ज्यांचं पहिलं पाऊलच ऑपरेशन होतं. आधी केमो झालेल्या घेतल्याच नव्हत्या. म्हणजे 86.6 विरुद्ध 82.6 हे आकडे तुमच्या सासूबाईंचे नाहीत. फायदा होणार नाही असं मी म्हणत नाहीये, त्या अभ्यासाला त्यांच्याबद्दल काही बोलताच येत नाही, एवढंच म्हणतोय.

मघाशी मीच एवढे आकडे फेकले आणि हा प्रश्न आधी विचारला नाही, चूक माझी. कुठल्याही बातमीत पहिलं बघायचं असतं ते "कुणावर केलं", निकाल नंतर.

हिरवा_गाउन

बरोबर. तरी पण सर्जनना विचाराच, फक्त प्रश्न बदला. "आईंची केमो झालीय, तरी तुम्ही देता का, का देता किंवा का नाही देत." काही जण देतात, काही नाही, आणि "नाही" म्हणाले तर त्याला लपवाछपवी समजू नका. आईंना हार्टचा काही त्रास असेल किंवा आधी कधी भुलीच्या इंजेक्शनची रिॲक्शन आली असेल तर ते भूलतज्ज्ञांना नक्की सांगा, हे सगळ्यात महत्त्वाचं. जागा म्हणाल तर केमोच्या आधी गाठीत खुणेसाठी छोटी क्लिप ठेवली असेल तर फाइलमध्ये असेल, पण ते डॉक्टर बघतील, तुम्ही डोकं नका शिणवू.

फिजिओ_ताई

हाताचा प्रश्न सगळ्यांनी वाऱ्यावर सोडला, आणि माझ्या मते घरी गेल्यावर खरी लढाई तीच आहे.

आत्तेसासूबाई पण अर्ध्या बरोबर आणि मैत्रीण पण अर्धी. पहिल्या दिवसापासून हात जोरात डोक्यावर ताणायला लागलं तर ड्रेनमधलं, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढायला बसवलेल्या नळीतलं, पाणी वाढतं आणि नळी जास्त दिवस राहते, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. पण तीन महिने पोटाशी धरून ठेवला तर खांदा असा आखडतो की मग अंबाडा घालणं, मागून हूक लावणं, वरच्या फळीवरचा डबा काढणं सगळं बंद. माझ्याकडे अशाच बायका येतात, चार महिन्यांनी, रडत.

ब्रिटनमध्ये प्रॉस्पर नावाचा अभ्यास झाला, 17 हॉस्पिटलं, 392 बायका, 2021 मध्ये बीएमजे या डॉक्टरी मासिकात आला. ज्यांचा खांदा धरण्याची शक्यता जास्त अशाच बायका निवडल्या, म्हणजे काखेतल्या सगळ्या गाठी काढलेल्या, काखेला रेडिएशन होणार असलेल्या, वजन जास्त असलेल्या. अर्ध्यांना व्यायामाचं पत्रक देऊन नेहमीसारखं सोडलं, अर्ध्यांना ऑपरेशननंतर 7 ते 10 दिवसांनी फिजिओनं समोर बसून व्यायाम ठरवून दिले आणि मागे लागून करून घेतले. वर्षानं बघितलं तर दुसऱ्या गटाचा हात जास्त चालत होता, दुखणं कमी होतं, आणि ज्याची सगळ्यांना धास्ती ती हाताची सूज वाढली नव्हती, जखमेचा त्रास पण वाढला नव्हता. म्हणजे नुसतं पत्रक पुरत नाही, मागे लागणारं माणूस हवं. ते माणूस तुमच्या घरात तुम्हीच दिसताय :)

आईंसाठी साधारण असं असतं, पण तुमच्या सर्जनना दाखवून मगच करा. पहिले दिवस मूठ उघडझाक, कोपर वाकवणं, खांदे वर उचलून सोडणं, हात खांद्याच्या उंचीपर्यंतच. केस विंचरणं, तोंड धुणं, स्वतःच्या हातानं जेवणं हे त्याच हातानं करू दे, त्याला व्यायामच म्हणा. ड्रेन निघाला की मग भिंतीवर बोटं चढवायची, मुंगी चढते तशी. दारावर पेन्सिलीनं रोजची खूण करा, तारीख घाला. आणि अजून एक गोष्ट जी कुणी सांगत नाही, रेडिएशन देताना हात डोक्यावर घेऊन अजिबात न हलता पडून राहावं लागतं. खांदा उघडलाच नाही तर रेडिएशनची तारीख पुढं ढकलली जाते. आत्तेसासूबाईंना हे सांगा, टाक्यांपेक्षा हे पटेल त्यांना.

सुजेबद्दल. बॉस्टनच्या एका हॉस्पिटलात 632 बायकांचे हात वर्षानुवर्षं मोजले, 2016 मध्ये आलं ते. रक्त काढणं, बीपी मोजणं, विमानात बसणं यानं सूज वाढल्याचं काही दिसलं नाही. वाढली ती कशानं, तर वजन जास्त असणं, काखेतल्या गाठी पूर्ण काढणं, काखेकडच्या भागाला रेडिएशन आणि हाताला इन्फेक्शन होऊन लाल होणं यानं. तरी दुसरा हात मोकळा आहे तर बीपीला तोच द्यायचा, त्यात काय जातंय. पण एखाद्या नर्सनं चुकून त्या हाताला पट्टा बांधला म्हणून रात्रभर रडत बसायचं नाही. काळजी घ्यायची ती कातडीची. विळीनं कापलं, काटा रुतला, तव्याचा चटका बसला तर लगेच धुऊन औषध लावायचं, आणि हात लाल गरम झाला तर त्याच दिवशी डॉक्टर. बांगड्या घट्ट नकोत एवढंच, दोन सैल असल्या तर घालू दे हो.

भारी काही उचलायचंच नाही जन्मभर, हे पण जुनं झालं. 2009 ला अमेरिकेत 141 बायकांवर अभ्यास झाला, ज्यांचा हात आधीच सुजलेला होता, त्यातल्या अर्ध्यांना हळूहळू वाढवत वजनं उचलायला लावली, आठवड्यातून दोनदा, शिकवणारं माणूस समोर आणि हातावर घट्ट बाही घालून. सूज वाढली नाही, उलट मधूनमधून जी भडकायची ते कमी झालं. पण हळूहळू हा शब्द महत्त्वाचा. दुसऱ्या महिन्यात भरलेली कळशी कमरेवर घेऊन दाखवायची नाही.

टाके_मोजणारी

मी इथं फक्त वाचते, लिहीत नाही, पण आज राहवलं नाही. माझं 2018 ला झालं, उजवी बाजू, काखेसकट.

सगळे अभ्यास वगैरे ठीक आहे पण ताई, तुम्ही घरी आल्यावर पहिली गाठ पडेल ती ड्रेनशी. काखेखालून एक नळी निघते आणि तिच्या टोकाला घड्याघड्यांचा प्लास्टिकचा डबा असतो, पेटीच्या भात्यासारखा. तो दाबून बंद केलेला असतो म्हणून हवा ओढतो आणि आतलं पाणी त्यात येतं. रोज ठरलेल्या वेळेला उघडायचा, मापाच्या कपात ओतायचा, आकडा वहीत लिहायचा, परत दाबून बुच लावायचं. मला हॉस्पिटलात नर्सनं दोनदा करून दाखवलं तरी पहिल्या दिवशी घरी मी दाबायलाच विसरले, भाता फुगून बसला आणि पाणी सगळं काखेत. तुम्ही डिस्चार्जच्या आधी स्वतः करून बघा, नर्ससमोर, आईंवर सोडू नका.

पहिले दिवस लाल, मग गुलाबी, मग पिवळसर. माझं 140 पासून सुरू झालं, माझी मुलगी वहीत ग्राफ काढायची, क्रिकेटचा स्कोअर सांगितल्यासारखा आजोबांना सांगायची. डॉक्टर म्हणाले होते दिवसाला 30 मिलीच्या खाली लागोपाठ दोन दिवस आलं की काढू, तर 14 व्या दिवशी निघाली. तुमच्या डॉक्टरांचा आकडा वेगळा असू शकतो, विचारून ठेवा. आणि नळी काढल्यावर काखेत पाण्याची पिशवी झाल्यासारखं डुबडुब वाटलं तर घाबरू नका, ते सुईनं काढतात, माझं दोनदा काढलं. तिथं कातडी बधिर असते, कळतही नाही.

हो, बधिरपणाचं सांगायचं राहिलं. दंडाच्या आतल्या बाजूला कातडी आपली नाहीच असं वाटतं, काहींना मुंग्या येतात, चटके बसतात. मला वाटायचं काहीतरी बिघडलं. नंतर कळलं काखेतली नस जाते त्यात. आधी कुणी सांगितलं असतं तर एवढी घाबरले नसते.

आईंच्या जुन्या सुती ब्लाउजचं कापड घेऊन त्याची पिशवी शिवा, नाडीनं गळ्यात नाहीतर कमरेला. नाहीतर तो डबा हातात धरून फिरावं लागतं आणि दाराच्या कडीत नळी अडकली की जीव जातो. पुढून उघडणारे सैल गाऊन दोन तीन आणून ठेवा.

मिरजकरीण

आज सर्जनना भेटून आलो. इंजेक्शनचं विचारलं, राग नाही आला, उलट म्हणाले बरं झालं नीट विचारलंत. ज्यांचं आधी ऑपरेशन होतं त्यांना ते देतात, आईंसारख्यांना नाही देत, आणि कारण तेच सांगितलं जे शंकासुर यांनी लिहिलं. नवरा थोडा खट्टू झाला, पण आता निदान मनात काटा राहणार नाही की आपण विचारलंच नाही. दिरांना सांगितलं, ते म्हणाले "मग मी फॉरवर्ड डिलीट करू का?" म्हटलं करा.

फिजिओच्या बाईंशी पण ओळख करून दिली तिथल्या, ऑपरेशननंतर आठव्या दिवशी बोलावलंय. रेडिएशनला हात वर घ्यावा लागतो हे आत्तेसासूबाईंना सांगितलं. "मग आधी नाही का सांगायचं" म्हणाल्या.

पिशवीचं ऐकून आईच मशीन काढून बसल्यात, हिरवं कापड काढलंय, म्हणतात उदास रंग नको. टाके मोजणारी ताई, नाडी किती लांब ठेवायची, डबा छातीशी यायला हवा का खाली?

टाके_मोजणारी

खाली, कमरेशी. नळी जिथून निघते त्याच्या वर डबा कधीच जाता कामा नये, झोपताना पण. नाडी लांबच ठेवा, जास्त झाली तर गाठ मारता येते. आणि दोन शिवायला सांगा, एक धुवायला जाते.